नामिबियातला फिश रिव्हर कॅन्यन ट्रेक पाच दिवसांत जमेल का? सह्याद्रीतले ट्रेक केले आहेत.

जमेल, पण किलोमीटर मोजून बेत आखू नका. सुरुवातीच्या होबासपासून शेवटच्या आय-आयसपर्यंत साधारण 85 किलोमीटर, म्हणून रोजचे 17 असा भागाकार केलात तर पहिल्याच दिवशी फसाल. सुरुवातीची उतरण जवळजवळ 500 मीटरची, घसाऱ्याची. वरच्या टप्प्यात साखळ्या आहेत. गंधकाच्या झऱ्यांपर्यंतच्या पुढच्या पंधराएक किलोमीटरमध्ये नुसते धोंडे आणि मऊ वाळू. इथे तासाला दीड-दोन किलोमीटर झाले तरी खूप. पहिले दोन दिवस या पट्ट्याला द्या. पुढे दरी रुंदावते, वेग आपोआप वाढतो.

ट्रेक 1 मे ते 15 सप्टेंबर एवढाच खुला असतो. मे म्हटलं की आपल्या डोक्यात उन्हाळा येतो. तिथे तेव्हा हिवाळा सुरू होतो. जून-जुलैच्या रात्री चांगल्याच गार असतात, म्हणून स्लीपिंग बॅग शून्य अंशाला पुरेल अशी घ्या. तंबू मात्र घरी ठेवा. नदीच्या पात्रापासून थोडं उंचावर वाळूत झोपायचं. सकाळी बूट झटकूनच पाय घाला, विंचू असतात. खाण्याची पिशवी उघडी टाकलीत तर बबून माकडं पळवतात.

पाणी नदीतलंच. सीझनच्या शेवटी प्रवाह तुटतो आणि हिरवट डबकी उरतात. तसलं पाणी थेट फिल्टरमध्ये ओतलं की तो गाळाने तुंबतो आणि पंप मारून हात दुखतात. आधी जुन्या सुती रुमालातून गाळा, भांड्यात तासभर निवळू द्या, मग फिल्टर करा. क्लोरीनच्या गोळ्या जोडीला ठेवाच. अंगावर 3 लिटरची सोय हवी.

कोरडा शिधा माणशी रोज 600 ग्रॅम, म्हणजे पाच दिवसांचे 3 किलो: पोहे, सातू, चिक्की. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, राजधानी विंडहुकला घ्या. फक्त पाणी उकळायचं असेल तर दोघांत 230 ग्रॅमचा एक पुरतो. पाण्यासकट पाठीवरचं ओझं 14 किलोच्या वर जाऊ देऊ नका.

लोक बहुतेक पायांमुळे अडकतात. नदी ओलांडताना मोजे भिजतात, त्यात वाळू शिरते आणि दुपारपर्यंत फोड. ओलांडायला वेगळी सँडल, वाळूसाठी गेटर (बुटाचं तोंड झाकणारं कापडी आवरण), नखं आदल्या आठवड्यात कापलेली.

निदान तिघांचा गट आणि डॉक्टरचा दाखला लागतो. आत मोबाईल चालत नाही, आणि आपल्याकडल्यासारखं संध्याकाळी गावात उतरून चहा मागायची सोय नाही. उपग्रह-फोन तिथेच भाड्याने घ्या. भारतात तो विनापरवाना बाळगणं बेकायदा आहे. गाडी होबासला राहते आणि तुम्ही आय-आयसला निघता, तेव्हा परतीचं वाहन आधीच ठरवा.