पाकीट आधी उलटं करा

खाण्याच्या पाकिटावरचं लेबल वाचायला सुरुवात करताय ना, मग समोरची ठळक अक्षरं सध्या सोडूनच द्या. ती जाहिरात असते. पाकीट उलटं करून घटकांची यादी बघा. ज्याचं वजन सगळ्यात जास्त ते आधी, अशा उतरत्या क्रमाने ती छापतात. ‘मल्टिग्रेन’ बिस्किटात पहिलं नाव मैद्याचं आणि ओट्स पार शेवटी असतील, तर काय ते समजा.

खरी फसगत साखरेत होते, तिथे सावकाश वाचा. ‘नो अ‍ॅडेड शुगर’ म्हणजे वरून साखर घातलेली नाही, एवढंच. फळांच्या रसात मुळातली साखर असतेच. शिवाय ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज अशा वेगवेगळ्या नावांनी ती विखुरली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं.

मग पोषणमूल्यांचा तक्ता. ‘प्रति सर्व्हिंग’, म्हणजे एका वेळच्या ३० ग्रॅमला, ७.५ ग्रॅम साखर वाचून हायसं वाटतं. पण ९० ग्रॅमचं अख्खं पाकीट संपलं की २२.५ ग्रॅम, म्हणजे जवळपास साडेपाच छोटे चमचे. तुलना कायम १०० ग्रॅमच्या रकान्यावरून करा.

वनस्पती तेलावरचं ‘कोलेस्टेरॉल फ्री’ मला फार खटकतं. त्यात ते जवळजवळ नसतंच! तिथे सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवणारी चरबी, किती ते बघा.

मीठ बहुतेकदा सोडियम म्हणून लिहितात, अडीचने गुणायचं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमच्या आतच राहायला सांगते.