अल्झायमरमध्ये चेतापेशींची रचना नेमकी कशी बिघडते? आणि जुनं सगळं आठवतं, मग आत्ताचंच कसं विसरायला होतं?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण त्यावरून आमच्या घरात अबोला झाला होता. आईने लग्नाचा अल्बम उघडला आणि एकेकाचं नाव सांगत सुटली. कोण कुणाची नणंद, कोण रुसून फोटोला उभंच राहिलं नाही, सगळं. पान उलटलं आणि केव्हाचा शेजारी बसलेल्या माझ्या भावाला म्हणाली, "अरे, कधी आलास?" दादा मला आत नेऊन म्हणतो, "बघ, सोयीचं तेवढं विसरते."

मी पॅथॉलॉजीत स्लाइड रंगवायचे. चांदीच्या क्षाराने रंगवलेला हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाचा, छेद पाहिलाय. पेशीच्या पोटात ज्योतीच्या आकाराचा काळा गुंता दिसतो. काही ठिकाणी पेशी मरून नाहीशी झालेली, गुंता तेवढा मागे. १९०६ मध्ये आलोइस अल्झायमरने हेच मांडलं होतं. तो गुंता टाऊ प्रथिनाचा, हे कळायला १९८०चं दशक उजाडलं.

अक्षतंतूतल्या, म्हणजे चेतापेशीच्या लांब शेपटीतल्या, माल वाहणाऱ्या सूक्ष्मनलिका धरून ठेवणं हे टाऊचं काम, रुळांखालच्या स्लीपरसारखं. त्याला फॉस्फेट प्रमाणाबाहेर चिकटलं की तो नलिका सोडतो आणि आपसातच पीळ घालून बसतो. नलिका ढासळतात, टोकांपर्यंत माल पोचत नाही. डेंड्राइटवरचे, म्हणजे पेशीच्या फांद्यांवरचे, काटे झडतात, सिनॅप्स म्हणजे दोन पेशींमधले सांधे तुटतात. पेशी मरते ती त्यानंतर. पेशीबाहेर बीटा-अमायलॉइड नावाचं दुसरं प्रथिन साचतं ते वेगळंच, पण विसरण्याशी जास्त घट्ट नातं तुटलेल्या सिनॅप्सचं.

हे गुंते बहुधा हिप्पोकॅम्पसला लागून असलेल्या एंटोरायनल कॉर्टेक्समध्ये आधी दिसतात. नवी आठवण तिथूनच आत जाते. जुन्या आठवणी कॉर्टेक्सभर, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात सगळीकडे, पसरलेल्या, त्या उशिरा जातात. म्हणजे दादाचं येणं आईच्या डोक्यात नोंदलंच गेलं नव्हतं. कसली आलीय सोय!

हां, मेंदूत हे सगळं असूनही शेवटपर्यंत तल्लख राहिलेली माणसंही असतात, तेव्हा नुसत्या स्लाइडवरून निकाल देऊ नये. आणि विसरणाऱ्या प्रत्येकाला अल्झायमर नसतो. बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. पण निदान झालेलं असेल तर "ओळख बघू, मी कोण?" ही परीक्षा बंद करा. आल्याआल्या आपणच नाव सांगावं. दहादा विचारलं तर दहादा सांगावं, कपाळाला आठ्या न घालता.

दादाला हे अजून पटलेलं नाही. या उत्तराची लिंक त्यालाही पाठवतेय.