वाचकांचे प्रश्न : पाइपात कोंडलेली हवा

प्रश्न : खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात आमची वाडी आहे. वरच्या झऱ्याचे पाणी मोटरशिवाय, दोन इंची एचडीपीई पाइपने दोन किलोमीटरवरच्या टाकीत आणले आहे. झरा टाकीपेक्षा सुमारे 60 फूट उंच असून वाटेत तीन टेकाडे लागतात. झऱ्याला पाणी भरपूर असूनही टाकीत करंगळीएवढीच धार पडते. पाइप तीन इंची करा, असा सल्ला मिळाला आहे. त्यासाठी वर्गणी काढावी का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : वर्गणी तूर्त थांबवावी. आपण सांगितलेल्या लक्षणांवरून टेकाडांवर हवा अडकली असावी असे वाटते आणि तसे असेल तर मोठ्या पाइपाने दुखणे वाढण्याचाच संभव अधिक आहे, कारण रुंद पाइपात तेवढ्याच पाण्याचा वेग कमी होतो आणि हवेचे बुडबुडे पुढे ढकलून नेण्याची त्याची ताकद घटते.

रिकाम्या पाइपात प्रथम पाणी सोडले की ते टेकाड चढून पलीकडच्या उतारावरून तळाशी पातळ धारेने धावते, खालच्या खोलगट भागात साचते आणि मधली हवा माथ्यापासून उतारापर्यंत कोंडून राहते. त्या कोंडलेल्या भागात दाब वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखाच राहतो, म्हणून तेथील उताराची उंची पाण्याला मुळीच उपयोगी पडत नाही. समजा, तीन टेकाडांपलीकडे उभ्या मापाने 15, 20 आणि 20 फुटांपर्यंत हवा भरली आहे. मग आपल्या 60 फुटांतून 55 फूट वजा होतात आणि दोन किलोमीटरचे घर्षण सोसायला अवघे 5 फूट उरतात. एवढ्या उंचीच्या जोरावर, हवा नसताना आले असते त्याच्या सुमारे चौथा हिस्साच पाणी येते. ही बेरीज 60 वर गेली, तर पाइप कोठेही फुटलेला किंवा तुंबलेला नसताना पाणी पूर्ण थांबते. अशा वेळी गाळ शोधण्यासाठी ठिकठिकाणी पाइप कापला जातो, हे फार वाईट वाटते, कारण प्रत्येक नवा सांधा ही गळतीची नवी जागा असते.

गवंडी लेव्हलसाठी वापरतात तशी पारदर्शक नळी घेऊन पाइपाच्या वाटेने चढउतार मोजावेत; डोळ्यांचा अंदाज डोंगरात हमखास चुकतो. प्रत्येक माथ्यावर पाइपाच्या बरोबर वरच्या अंगाला सॅडल (पाइपाला आवळून बसणारा, जोडणीचे तोंड असलेला पट्टा) बसवून त्यावर अर्ध्या इंची बॉल व्हॉल्व्ह लावावा. पाणी भरताना टाकीकडचे तोंड आणि सगळे व्हॉल्व्ह उघडे ठेवून झऱ्याकडून पाणी सावकाश सोडावे. पहिल्या माथ्यावर फसफस थांबून सलग धार लागली की तो व्हॉल्व्ह बंद करावा, मग दुसरा, मग तिसरा. झऱ्याजवळच्या माथ्यावर व्हॉल्व्हऐवजी उभी उघडी नळीही चालते. मात्र तिचे तोंड झऱ्याच्या पातळीहून उंच हवे, नाहीतर टाकीचा नळ बंद होताच तिच्यातून पाणी वाहू लागेल.

एकदा हवा काढली म्हणजे काम संपले असे नाही. पाण्यात विरघळलेली हवा दाब कमी होताच सुटत राहते आणि उन्हाळ्यात झऱ्याची पातळी उतरली की पाइपाचे तोंडही हवा ओढते. म्हणून तोंड खोल बुडलेले व जाळी लावलेले असावे. रोज माथ्यावर जाणे शक्य नसेल, तर लहान छिद्राचा स्वयंचलित एअर व्हॉल्व्ह (साचलेली हवा आपोआप बाहेर सोडणारी झडप) घ्यावा. परंतु टाकीचा नळ चालू असताना एखाद्या माथ्यावर बॉल व्हॉल्व्ह उघडल्यावर पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जात असेल, तर तेथे कोणताही एअर व्हॉल्व्ह बसवू नये. तेथील दाब वातावरणापेक्षा कमी आहे आणि पाइप खालून फिरवून नेणे हा खात्रीचा उपाय आहे.

प्रश्न : निपाणी भागात वेदगंगेवरून उसाला पाणी उचलतो. वीज जाऊन परत आली की पीव्हीसी लाइन वळणावर फुटते. मोटरला ऑटो स्टार्टर आहे. पाइप हलका आहे का?
– एक शेतकरी

उत्तर : पाइपाला दोष देण्यापूर्वी फूटव्हॉल्व्ह, म्हणजे नदीतल्या पाइपाच्या तोंडाशी पाणी परत जाऊ न देणारी झडप, पाहावा. तो गळत असल्यास वीज नसताना लाइन नदीकडे रिकामी होते, तिच्यात हवा शिरते आणि ऑटो स्टार्टर मोटर एकदम चालू करताच वेगाने येणारे पाणी हवा बाहेर ढकलून वळणावर आदळते. फूटव्हॉल्व्ह दुरुस्त करावा, पंपापुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारी झडप) बसवावा आणि उंचवट्यावर मोठ्या व लहान अशा दोन्ही छिद्रांचा एअर व्हॉल्व्ह लावावा. त्याचे मोठे छिद्र लाइन रिकामी होताना हवा आत घेते, त्यामुळे पातळ पाइप चेपत नाही. रिकामी लाइन भरताना मात्र ऑटो बंद ठेवून मोटर हाताने चालू करावी, डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडाच उघडावा आणि शेताच्या टोकाला सलग पाणी पडू लागल्यावरच तो पूर्ण खोलावा.