आईबाबांचं आजारपण आणि मुलाचं पोटदुखणं

सुनेला नैराश्याचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत. आठ वर्षांचा नातू रोज शाळेला निघताना पोट धरून बसतो. सोनोग्राफी नॉर्मल आली. नाटक करतोय का? – आजी, मंगळवार पेठ

नाही आजी, दुखणं खरं आहे. धास्ती वाटली की काही सेकंदांत शरीरात अ‍ॅड्रेनलिन हे हार्मोन सुटतं: छाती धडधडते, हात गार पडतात, आतड्यांकडचं रक्त स्नायूंकडे वळतं. मागोमाग वाढणारं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं दुसरं हार्मोन, 20-30 मिनिटांनी टोक गाठतं. आज आई उठेल का, बोलेल का, याचा नेम नसला की हे रोज घडतं.

आधी त्याला विचारा, तो आईवर लक्ष ठेवायला तर घरी थांबत नाही ना? फार मुलं तेच करतात. तो शाळेत असताना आईजवळ कोण असेल, ते नाव घेऊन सांगा. दप्तर रात्रीच भरा. डबा कोण देणार, न्यायला कोण येणार, हे ठरवा आणि पाळा. चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, असं तीन-चार मिनिटं. पण सराव संध्याकाळी खेळताना घ्या, ऐन दुखण्यात नवं काही शिकता येत नाही. शाळा बुडवू देऊ नका. घरी थांबलं की लगेच बरं वाटतं, म्हणूनच उद्या पुन्हा दुखतं.

झोपेतून उठवणारी कळ, घटणारं वजन, शौचातून रक्त, सारख्या उलट्या, ताप: यातलं काहीही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांकडेच.

मुलाची कॉर्टिसॉल तपासणी करावी का? – एक वडील, राजारामपुरी

ताण मोजायला नको. पातळी पहाटेपासून वाढते, मध्यरात्री तळाला जाते. सुईच्या भीतीनंही चढते. शिवाय आईवडील मनानं आजारी असलेल्या मुलांवरच्या संशोधनात कुणाची जास्त आढळली, कुणाची उलट मंदावलेली. एका आकड्यावरून काय ठरवणार? झोप, भूक, डोकेदुखी दोन आठवडे वहीत लिहा, डॉक्टरांना ती जास्त कामाची.

बायको रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात आहे. दहा वर्षांच्या मुलीला ‘गावाला गेलीय’ सांगितलंय. चालेल का? – कसबा बावडा

दहा वर्षांच्या मुलीला ते पटलेलं नसतं. ती दोष स्वतःकडे घेते. सांगा: ‘आईच्या मेंदूला आजार झालाय. तुझ्यामुळं नाही. बरं करायचं काम डॉक्टरांचं, तुझं नाही.’ आणि फोनवर आईशी बोलणं करून द्या. तुम्हालाच शब्द सुचेनात तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर मराठीत बोला; चोवीस तास, मोफत.