वडिलांची हरवलेली पदकं शौर्यपदकं नसतील, तर ती परत मिळवण्याच्या खटाटोपात काही अर्थ आहे का?

तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्यात. वडिलांची १९७१ ची मेडलं घराच्या दुरुस्तीत हरवली, ती सरकारकडून परत मिळतील का. कॅम्पातल्या दुकानातून तशीच आणून फ्रेम केली तर चालेल का. आणि त्यात शौर्यपदक नसेल तर एवढा खटाटोप कशाला करायचा. पहिल्या दोन्हींची उत्तरं पुढे येतील. तिसरी ओळ वाचली आणि ताटावरून उठून लिहायला बसलो, कारण हेच वाक्य मी २०१७ साली एका ग्रामपंचायतीत उभा राहून ऐकलंय.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. तिकडं घरटी एक फौजी असणं ही काही नवलाई नाही, अपशिंग्याच्या तर नावापुढंच मिलिटरी लागतं. आबा, म्हणजे माझे वडील, १९६६ ला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. १९८२ ला हवालदार होऊन पेन्शनवर आले. मी स्वतः फौजी नाही, एसटीत नोकरी केली, हे आधीच सांगून टाकतो.

आबांची पाच मेडलं एका बारवर शेजारी शेजारी लावलेली होती. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आदल्या रात्री ते ओसरीवर ब्रासो आणि जुन्या बनियनचा तुकडा घेऊन बसायचे. आई दरवेळी विचारायची, चिंचेनं घासू का, आणि दरवेळी ओरडून घ्यायची. सकाळी पांढरा शर्ट, डाव्या छातीवर बार, आणि शाळेच्या मैदानात झेंड्यापुढं असे उभे राहायचे की मास्तरसुद्धा पोट आत घ्यायचे.

२०१७ ला मी त्यांना घरपट्टी माफीचा अर्ज द्यायला घेऊन गेलो. चूक माझी. कुणीतरी सांगितलं, सैनिकांना माफ आहे, मी पुढचं वाचलंच नाही. तेव्हा माजी सैनिकांमध्ये माफी शौर्यपदकवाल्यांना होती. आबा बार लावूनच आले होते. कारकुनानं मेडलांकडं बघून विचारलं, "यातलं शौर्याचं कुठलं?" आबा म्हणाले, "शौर्याचं न्हाई." कारकून बिचारा सरळ होता, नियम दाखवला आणि गप्प बसला. पण शेजारच्या खुर्चीत माझा चुलतभाऊ बसला होता. तेव्हा त्याच्याकडं गावात पद होतं. तो हसत म्हणाला, "अहो, ती हजेरीची मेडलं. तिथं होते म्हणून मिळाली. काय अर्थ त्याला."

आबा काही बोलले नाहीत. मी बोललो, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या पंधरा ऑगस्टला आबा झेंड्याला गेले, पांढरा शर्ट घालून, छाती मोकळी. बार ट्रंकेत गेला. दिवाळीच्या सफाईत काढला तेव्हा उंदरांनी फिती कुरतडल्या होत्या आणि एक स्टार गायब. सगळं घर पालथं घातलं, उखळाखाली बघितलं. मिळाला नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मी तेच केलं जे तुम्ही करायला निघालात. पुण्यात कॅम्पातल्या एका दुकानातून हुबेहूब स्टार आणला, बार नव्या फितीत शिवून घेतला, आणि आबांच्या हातात दिला. मला वाटलं खूश होतील. त्यांनी चष्मा लावला, स्टार उलटा केला, कड फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाले, "नंबर कुठाय?"

मला तोवर ठाऊक नव्हतं. सरकारी मेडलाच्या कडेला सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. बारीक असतं, कधी घासून पुसट होतं, पण असतं. दुकानातल्या मालावर कड कोरी असते. आबा म्हणाले, "हे कुणाचंच न्हाई." आणि त्या संध्याकाळी, आयुष्यात पहिल्यांदा, जमालपूरच्या लढाईचं बोलले. हे जमालपूर आजच्या बांगलादेशातलं.

हरवला होता तो ‘पूर्वी स्टार’. १९७१ च्या लढाईत पूर्वेच्या आघाडीवर असलेल्यांना दिलेला, पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार. जमालपूरची लढाई पुस्तकांत आहे, पण पुस्तकांत येते ती चिठ्ठीची गोष्ट. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून पत्र पाठवलं आणि पाकिस्तानी कर्नल सुलतान महमूद यानं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. गोष्ट खरी आहे आणि भारीही आहे. आबांना ती पेन्शनवर आल्यावर कळली. त्यांना आठवत होतं ते ब्रह्मपुत्रेचं पाणी, चिखल, आणि जमालपूरच्या दक्षिणेला, शत्रूच्या पाठीमागं, रस्ता अडवून बसणं. १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानची बलुच पलटण वेढा फोडून बाहेर पडायला आली ती सरळ यांच्या अंगावर. आबा रात्रभर एलएमजीला, म्हणजे हलक्या मशीनगनला, गोळ्यांच्या पेट्या पोचवत होते. वाकून जायचं, पेटी टाकायची, वाकून परत. किती फेऱ्या, मोजल्या नाहीत. पुढं त्या लढाईचा मान पलटणीला बॅटल ऑनर म्हणून मिळाला, १६ डिसेंबरला ढाका पडलं, सगळं झालं.

मग म्हणाले, "त्यो म्हन्ला ते खरंय. हजेरीचीच हायती. सकाळी हजेरी घेतली तवा आमच्यातल्या दोन नावांना ओ आली न्हाई. मी ओ दिली. म्हनून मेडल."

मी त्यावर काही बोलू शकलो नाही. आजही नाही.

मी मात्र तेव्हापासून या विषयाच्या मागंच लागलो, आणि माझं मत आता पक्कं झालंय. शौर्यपदक ही फक्त शूर असण्याची गोष्ट नाही, ती लिहिलं जाण्याचीही गोष्ट आहे. कुणीतरी बघावं लागतं, बघणारा सकाळपर्यंत जगावा लागतो, मग कंपनी कमांडरनं साइटेशन, म्हणजे कामगिरीची शिफारस, लिहायची, ती पलटणीतून ब्रिगेडकडं आणि चढत चढत दिल्लीपर्यंत जायची. दर पायरीवर काही नावं गळतात. अख्ख्या १९७१ च्या युद्धात परमवीर चक्रं किती? चार. त्यातलं पूर्वेकडचं एकच, अल्बर्ट एक्का यांचं. चौघांतले होशियार सिंग तेवढे ते घ्यायला जिवंत होते. परमवीर, महावीर, वीर ही तिन्ही चक्रं २६ जानेवारी १९५० ला सुरू झाली, १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीसाठी, आणि तेव्हापासून आजवर परमवीर फक्त एकवीस. अंधारात पेट्या वाहणाऱ्याची साइटेशन कोण लिहिणार होतं?

(परमवीरचा नमुना ज्यांनी काढला त्या सावित्रीबाई खानोलकर जन्मानं युरोपातल्या आणि लग्नानं मराठी. हे आमच्या शाळेत कुणी सांगितलं नाही.)

पण सगळी मेडलं सारखी असंही म्हणणार नाही, कारण तसं म्हणणारे मला तेवढेच डोक्यात जातात. आबांच्या पाचांतलं स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल १५ ऑगस्ट १९७२ ला जो नोकरीत होता त्या प्रत्येकाला मिळालं, मग तो भटारखान्यात का असेना. नऊ वर्षांच्या नोकरीचं मेडल म्हणजे नऊ वर्षं धड काढली. सैन्य सेवा मेडल कुठल्या भागात राहिलात त्याचं, वर पट्टी असते त्यावर भागाचं नाव. संग्राम मेडल १९७१ च्या धामधुमीत सरहद्दीच्या राज्यांत काम केलेल्या पुष्कळांना आहे, त्यात पोलीसही आले. ही खरोखर हजेरीचीच. पूर्वी आणि पश्चिमी स्टारची हजेरी मात्र वेगळ्या मैदानातली, एवढंच चुलतभावाला कुणीतरी शिकवायला हवं होतं. १९६५ वाल्यांसाठी समर सेवा स्टार आहे, कारगिलसाठी ऑप विजय स्टार. तुमच्या वडिलांच्या मेडलांत स्टार असेल तर "काही अर्थ आहे का" हा प्रश्न परत विचारू नका.

पैशाचं विचाराल तर शौर्यपदकाला दरमहा भत्ता असतो. २०१७ ला तो दुप्पट झाला, परमवीरला २०,००० रुपये, वीर चक्राला ७,०००, सेना मेडलला २,०००. सेना मेडलही दोन तऱ्हेचं, शौर्याचं आणि विशिष्ट सेवेचं, भत्ता शौर्याच्यालाच. सेवापदकांना दमडी नाही. त्यामुळं खटाटोप पैशासाठी असेल तर नका करू.

तसं नसेल तर पहिलं काम, वडिलांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, शोधा. पेन्शनच्या कागदांत, देव्हाऱ्याच्या खणात, कुठंतरी असतंच. त्यात मिळालेल्या मेडलांची नोंद असते. ती बघितल्याशिवाय कुणालाही काही सांगू नका, कारण घरात सांगितलेली आणि पुस्तकात लिहिलेली मेडलं बऱ्याचदा जुळत नाहीत. हरवल्याची पोलिसांत नोंद करा. मग नंबर, हुद्दा, पलटण लिहून त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. मराठ्यांचं बेळगावला आहे. हरवलेल्याच्या बदली पैसे भरून दुसरं मिळण्याची तरतूद आहे. आणि कधी कधी पुस्तकात नोंद असलेलं एखादं मेडल त्या माणसानं घेतलेलंच नसतं, तेही याच अर्जात मागा. कागद कसे लावायचे ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, तिथं बहुतेक माणसं स्वतः फौजी असतात, भाषा कळते.

तुम्ही विचाराल, मग तुम्हाला मिळाला का स्टार? नाही, कारण मी अर्जच केला नाही. करतो करतो म्हणत राहिलो. बदली, मुलीचं लग्न, काय काय. २०१९ ला आबा गेले. त्यांच्या बारवर चार खरी आणि मधे एक कोऱ्या कडेचा स्टार असंच राहिलं. तो काढून टाकू की ठेवू हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

फ्रेम करायची तर दुकानातली मेडलं आणून खुशाल करा, भिंतीवर टांगायला कुणाची हरकत नाही, फौजीसुद्धा रोजच्या वापराला अशीच जोड ठेवतात. पण येणाऱ्याजाणाऱ्याला ती मूळची म्हणून दाखवू नका, आणि दुकानदार "हेपण घ्या, छान दिसतं" म्हणून एखादं जास्तीचं चिकटवायला लागला तर तिथून उठा. आमच्याच तालुक्यात एकाच्या फोटोला न मिळालेलं चक्र लटकलेलं मी बघितलंय. गावानं मिरवणूक काढली, पोरांची मान कायमची खाली गेली.

वडील हयात नसतील आणि हुतात्मा स्मारकाच्या कार्यक्रमात वगैरे तुम्हाला ती लावायची असतील, तर वारसानं उजव्या छातीवर लावतात. डावी बाजू ज्याची त्याची. गेल्या खेपेला मी तालुक्याच्या स्मारकावर आबांचा बार उजवीकडं लावून गेलो, तर चुलतभाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "उलट्या बाजूला लावलीस की रं." पद गेलं, पण सवय गेली नाही. मी म्हटलं, दादा, ही त्यांची हजेरी आहे, माझी नाही, म्हणून इकडं. कळलं की नाही कोण जाणे.

हे लिहिताना लक्षात येतंय की आबांनी स्वतः माझी बाजू घेतली नसती. त्यांना वीर चक्रवाला माणूस भेटला की वयानं लहान असला तरी ते आधी सॅल्यूट ठोकायचे, आणि "आमची काय, साधी मेडलं" असंच म्हणायचे. तेव्हा माझं सगळं बोलणं पोराचं बोलणं म्हणून थोडं कमी करून घ्या.

आणि घरपट्टीचं राहिलंच. २०२० ला राज्य सरकारनं माफी सगळ्याच माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना लागू केली, शौर्यपदक असो नसो. तुमचं घर वडिलांच्या किंवा आईच्या नावावर असेल तर अर्ज द्या. आईचा मी दिला, त्याच कचेरीत. कारकून नवीन होता, त्यानं मेडलं मागितली नाहीत, फक्त डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स मागितली.

तुमचं पुस्तक सापडलं की मेडलांचं पान जसंच्या तसं इथं लिहा, मात्र वडिलांचा नंबर गाळून. कुठलं कशाचं ते सांगतो.