बुधवारचे व्हाउचर आधी बदलून घ्या

बुधवारी सकाळी पोप महोदयांची सार्वजनिक भेट आणि दुपारी रोममधील सान कालिस्तोचे कॅटाकोम्ब (म्हणजे प्राचीन ख्रिस्ती भुयारी दफनस्थळ), असा एजंटने आखून दिलेला कार्यक्रम वृद्ध सासूबाईंना झेपेल का, असे तुम्ही विचारले आहे. झेपण्याचा प्रश्न नंतरचा. सान कालिस्तो बुधवारी बंद असते.

2018 मध्ये हाच ‘धार्मिक दिवस’ आम्हालाही विकण्यात आला होता. वसईहून निघालेल्या आईने पोपच्या भेटीनंतर थकलेली असतानाही हट्टाने वाया आप्पियापर्यंतचा (सान कालिस्तो ज्या प्राचीन रस्त्यावर आहे, तेथवरचा) प्रवास केला, आणि बंद फाटकासमोर हातात छापील व्हाउचर घेऊन आम्ही उभे राहिलो. एजन्सीला फोन केला, तर ‘स्थानिक वेळापत्रकाची जबाबदारी प्रवाशाची’ असे उत्तर मिळाले. पैसे आजतागायत परत आलेले नाहीत. त्याहून मोठी चूक मात्र माझीच होती. पायी जाण्याच्या अंतरावर असलेली सान सेबास्तियानो आणि दोमितिल्ला ही दोन्ही कॅटाकोम्ब त्या दिवशी उघडी होती, आणि संतापाच्या भरात मी टॅक्सी करून सर्वांना हॉटेलवर परत नेले.

माझ्या माहितीप्रमाणे दोमितिल्ला मंगळवारी आणि रोममधीलच प्रिस्किल्ला हे आणखी एक कॅटाकोम्ब सोमवारी बंद असते. शिवाय हिवाळ्यात ही स्थळे काही आठवडे आळीपाळीने बंद ठेवतात. वेळा बदलू शकतात, त्यामुळे माझ्यावर विसंबू नका, त्या-त्या स्थळाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा. एजंटवर तर मुळीच विसंबू नका. छळाच्या काळात ख्रिस्ती लोक या भुयारांत लपून राहत, असेही आमच्या एजंटने छातीठोकपणे सांगितले होते. प्रत्यक्षात ही दफनभूमी होती. रोमन कायद्याने नगराच्या हद्दीत दफनास मनाई असल्यामुळे ती वेशीबाहेर खोदली गेली, आणि तेथील ज्वालामुखीजन्य खडक खोदताना मऊ असून हवा लागली की टणक होतो, म्हणून मैलोन्‌मैल बोगदे काढता आले.

दोन दिवसांनी मी एकटाच सान कालिस्तोला परत गेलो. पुरातत्त्वज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी यांनी 1854 मध्ये शोधलेली, तिसऱ्या शतकातील नऊ पोपांच्या दफनाची खोली पाहिली. पण लक्षात राहिले ते भिंतीतले वीतभर लांबीचे कोनाडे. तान्ह्या बाळांसाठी खोदलेले ते कोनाडे आईने पाहिले नाहीत, याचे एका परीने बरेच वाटले. ज्यांना भित्तिचित्रांची आवड आहे त्यांनी, माझ्या मते, थोडी वाट वाकडी करून प्रिस्किल्लाच पाहावे.

आता सासूबाईंविषयी. आत वाटाड्यासोबत गटानेच जावे लागते, जिने उंच आहेत, जमीन उंचसखल आहे आणि मध्येच एकट्याने मागे फिरता येत नाही. उन्हाळ्यातही आत गारवा असतो, तेव्हा शाल हवीच. गुडघे दुखत असतील, तर त्यांना सान कालिस्तोच्या आवारात सायप्रसच्या झाडांच्या सावलीत कुणासोबत तरी बसवा, आणि तुम्ही दोघे आळीपाळीने आत जा.