पेटंटचा अर्ज झालाय, पंधरा लाख गुंतवू का?

प्रश्न: मी कोथरूडला राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे. माझ्या भाच्याच्या मित्राची भोसरीत प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. औषधाच्या पाकिटावरचा बारकोड नकली असेल तर स्कॅन करताच कळेल, असं तंत्र त्याने शोधलंय. दहा महिन्यांपूर्वी त्याने स्वतःच्या नावावर पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज केला. आता आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘पेटंटेड तंत्रज्ञान’ असं लिहिलेलं त्याचं माहितीपत्रक आलंय. पंधरा लाखांचे शेअर घ्या म्हणतो. पेटंट आहे म्हणजे पैसे सुरक्षित ना?

उत्तर: ताई, त्याच्याकडे आज पेटंट नाही, अर्ज आहे. प्रोव्हिजनल अर्जात शोध नवा आहे की नाही हे पेटंट कार्यालय तपासत नाही. तारीख लागते, एवढंच. व्यक्तीला किंवा स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. तेव्हा नुसत्या अर्जाच्या नंबरावर आयुष्यभराची पुंजी लावू नका.

तरी गुंतवणूकदार अशा अर्जाकडे वळतात, आणि त्यांचं सगळंच चुकतं असं नाही. हाच शोध घेऊन उद्या दुसरा कुणी आला, तर तो रांगेत मागे राहतो. पेटंट मिळालं तर मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषध ब्रँडच्या वेष्टनांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाल्यामुळे या मुलाला बाजारही दिसतोय. पण पेटंट आणि पैसा एकत्रच येतात असं नाही. अमेरिकेत वुडलँड आणि सिल्व्हर यांनी बारकोडचा अर्ज १९४९ मध्ये केला, पेटंट १९५२ मध्ये मिळालं, ते १५,००० डॉलरना विकलं गेलं आणि १९६९ मध्ये त्याची मुदत संपली. किराणा दुकानात आजच्या बारकोडची पहिली वस्तू स्कॅन झाली १९७४ मध्ये.

तुमच्या प्रकरणात घड्याळ जवळचं आहे. प्रोव्हिजनलनंतर १२ महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं संपूर्ण लेखी वर्णन, दाखल झालं नाही, तर अर्ज सोडून दिल्याचं कायदा मानतो. म्हणजे दोनच महिने उरलेत. शिवाय पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे निव्वळ संगणक प्रोग्रॅम किंवा अल्गोरिदमला पेटंट मिळत नाही. नकली कोड ओळखण्याचं काम खास शाई किंवा छपाई करत असेल तर गोष्ट वेगळी. सगळं काम मोबाइलच्या अ‍ॅपमध्येच होत असेल तर अडचण येऊ शकते.

मला सर्वांत जास्त काळजी मात्र मालकीची वाटते. अर्ज त्याच्या नावावर आणि शेअर तुम्हाला कंपनीचे! उद्या पेटंट मिळालं तर ते त्याचं असेल. तो कंपनीतून बाहेर पडला तर तुमच्या हाती भोसरीतला गाळा आणि टेबल-खुर्च्या असलेल्या कंपनीचे शेअर राहतील. तेव्हा अर्ज आणि त्यावरचे सगळे हक्क त्याने कंपनीच्या नावे लेखी करून द्यायला हवेत, आणि अर्जदार म्हणून कंपनीचं नाव पेटंट कार्यालयात लागायला हवं. तेही तुमचे पैसे जाण्याआधी. शोध लागला तेव्हा तो कुठे नोकरीला होता का, हेही विचारा. तिथल्या नेमणुकीच्या करारात शोधांबद्दलची अट असेल तर जुना मालक हक्क सांगू शकतो. घरातल्या मुलाला असं विचारायला संकोच वाटेल, पण विचाराच.

माहितीपत्रकाचं काय? पेटंट नसताना ‘पेटंटेड’ म्हणणं कलम १२० खाली येतं. दंड १० लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. शिवाय प्रायव्हेट कंपनीला शेअर असे सर्वांना विकता येत नाहीत. कंपनी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे ठरावीक व्यक्तींना नावानिशी देकारपत्र द्यावं लागतं, पैसे बँकेतूनच घ्यावे लागतात आणि ते मिळाल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात. नाही दिले तर पुढच्या १५ दिवसांत रक्कम परत, तीही नाही दिली तर साठावा दिवस संपल्यापासून वर्षाला १२ टक्के व्याज. सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात करायला या कलमात जागाच नाही. त्याने हे अजाणतेपणी केलं असेल, असं मी धरून चालतो. भाच्याकरवी त्याला आजच ते पत्रक काढायला सांगा. त्यात त्याचंही भलं आहे.

सध्या एक रुपयाही देऊ नका, रोख तर नाहीच. अर्जाची पावती, दाखल झालेल्या कम्प्लीट स्पेसिफिकेशनची प्रत आणि हक्क कंपनीला दिल्याचा दस्त मागा. अर्ज अजून प्रसिद्ध झालेला नसेल, त्यामुळे तो गोपनीयतेचा करार मागेल. तो वाचून सही करायला हरकत नाही. मग स्पेसिफिकेशनमधले क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितलाय ते मुद्दे, एखाद्या पेटंट एजंटला आणि कंपनीचे हिशेब तुमच्या सीएला दाखवा. दोघांनी होकार दिला, तरी रक्कम पंधरा लाख नको. बुडाली तरी औषधपाणी आणि घरखर्च अडणार नाही एवढीच. त्याला घाई दोन महिन्यांच्या मुदतीची असेल, तर स्पेसिफिकेशन तयार करून घेण्याचा खर्च पंधरा लाखांच्या आसपासही जात नाही.